'यारदु इदु?' – पिपलानीतल्या एका घरगुती बक्षिसाची गोष्ट

आमच्या सासूबाई धारवाडच्या. २००२ साली मामंजी गेल्यावर त्या कायमच्या आमच्याकडे भोपाळला राहायला आल्या. पिपलानीतला भेलचा क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे छोटंसं अंगण. एका कोपऱ्यात तुळस, एका कोपऱ्यात माझ्या चित्रकलेच्या वर्गाची बाकं. मी मूळची बेळगाव-शहापूरची, त्यामुळे कानडी कानाला परकी नव्हती. पण वाचण्याच्या बाबतीत मात्र मी अडखळत अडखळत चालणारी. मुलं आजीला 'अज्जी' म्हणत, माझ्याशी मराठीत बोलत आणि आपसात हिंदीत भांडत. सीमाभागातल्या कितीतरी घरांचा हाच नमुना, फक्त आमच्याकडे त्यात हिंदीची फोडणी.

या घरात, संगणकाच्या टेबलापाशी बसून, मी सहा वर्षं एक बक्षीस चालवलं. मराठी आणि कन्नड संकेतस्थळांच्या, म्हणजे वेबसाइटच्या, मांडणीसाठीचं बक्षीस. त्याला मोठं नाव नव्हतं, संस्था नव्हती, पैसे तर नव्हतेच. घरात सगळे त्याला 'आईचं बक्षीस' म्हणत. आता मागे वळून पाहताना वाटतं, की त्या बक्षिसाने इतरांना काय दिलं ते देव जाणे, मला मात्र बरंच काही शिकवलं. त्यातलं काही गोड होतं, काही कडू. तेच आज वाचकांना सांगावंसं वाटतं.

बक्षिसांचा तो काळ

आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण एक काळ असा होता की वेबसाइट तयार करणं हा घरगुती छंद होता. जसं कुणी भरतकाम करतं, कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, तसं. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी फुकट जागा मिळायची. त्या जागेवर आपलं पान थाटायचं, चार फोटो लावायचे, आवडत्या विषयावर लिहायचं. आणि मग ओघानेच आली बक्षिसं. १९९४ मध्ये अमेरिकेत ग्लेन डेव्हिस या गृहस्थांनी रोज एक छान साइट निवडून दाखवायला सुरुवात केली. तेव्हा साऱ्या जगात साइट्स होत्याच किती! पण लोकांना ती कल्पना इतकी आवडली की पुढच्या काही वर्षांत घरोघरी बक्षीस देणारे तयार झाले. बक्षीस म्हणजे काय, तर एक चिमुकलं चित्र. ८८ बाय ३१ ठिपक्यांची पट्टी. ती जिंकणाऱ्याने आपल्या पानाच्या तळाशी लावायची, घराच्या दारावर तोरण लावावं तशी.

यातली काही बक्षिसं पुढे मोठी झाली. १९९६ मध्ये सुरू झालेले 'वेबी' पुरस्कार आज जगभर माहीत आहेत. तिथे विजेत्याला भाषणासाठी फक्त पाच शब्द मिळतात. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना २००५ साली तिथे गौरवण्यात आलं, तेव्हा त्यांनी पाच शब्दांत 'या मतांची फेरमोजणी करू नका' अशा अर्थाचं भाषण ठोकलं. २००० सालची त्यांची निवडणूक ज्यांना आठवते, त्यांना हसू आवरणार नाही. इंग्लंडमध्ये रॉब फोर्ड यांनी २००० साली आपल्या आवडत्या साइट्सना बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि एका माणसाच्या त्या उद्योगाला जगभरच्या डिझायनरांमध्ये मान मिळाला. आपल्याकडे २००४ पासून 'मंथन' पुरस्कार सुरू झाले. पुढे २००८ च्या सुमारास स्टार माझा वाहिनीने, म्हणजे २०१२ पासूनच्या एबीपी माझाने, 'ब्लॉग माझा' ही मराठी ब्लॉगची स्पर्धा घेतली. तेव्हा मला कोण आनंद झाला होता. आपण ज्या गल्लीत एकटेच चालत होतो, तिथे दिवे लागल्यासारखं वाटलं.

माझी सुरुवात मात्र कुठल्याही मोठ्या विचारातून झाली नाही. इंद्रपुरीत एका क्लासला मी वेब डिझायनिंग शिकायला जायला लागले, ते मुलं शाळेत गेल्यावर दुपार मोकळी असायची म्हणून. वर्गात सगळी विशी-बाविशीतली मुलं, रायसेन रोडवरच्या कॉलेजांमधली. त्यांत मी एकटी पस्तिशीची काकू. चित्रकलेचा हात असल्यामुळे रंग आणि मांडणी मला लवकर जमली. टॅग लक्षात ठेवायला मात्र नाकी नऊ आले.

चौकोनांची कथा

भोपाळमध्ये सासूबाईंची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वाचन. धारवाडला सकाळी चहाबरोबर कन्नड पेपर हातात पडायचा. इथे तो मिळेना. गोवा एक्सप्रेस भोपाळहून थेट बेळगावला जाते, त्यामुळे येणारं-जाणारं कुणी असलं की जुन्या मासिकांचा गठ्ठा यायचा. तो आठ दिवसांत संपायचा. म्हणून ह्यांनी सुचवलं, 'आईला संगणकावर पेपर दाखव की.'

२००३ साली आम्ही नवा संगणक घेतला होता. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं, किर्र-किर्र आवाज झाला, आणि एका कन्नड दैनिकाची साइट उघडली. सासूबाई चष्मा लावून पुढे सरकल्या. पडद्यावर नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. मधेच एखादं प्रश्नचिन्ह. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ओदलिक्के बरवल्दु." वाचता येत नाहीये. त्यांना वाटलं, आपले डोळे गेले.

दोष डोळ्यांचा नव्हता, अक्षरांचा होता. त्या काळी जवळजवळ प्रत्येक दैनिकाचा आपला वेगळा फॉन्ट असायचा. तो आधी उतरवून घ्यायचा, मग ती साइट दिसणार. दुसऱ्या दैनिकाला दुसरा फॉन्ट. मराठीतही हीच रड. खरं तर युनिकोड नावाची सर्वांसाठी एकच अशी पद्धत १९९१ पासून होती आणि तिच्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या होत्या. विंडोज एक्सपीमध्ये मराठीसाठी 'मंगल' आणि कन्नडसाठी 'तुंगा' हे फॉन्टही होते. पण आपल्या लिप्या नीट दिसण्यासाठी एक कप्पा उघडून, खूण करून, मूळ सीडी घालावी लागायची. हे माहीत कुणाला? ते न केल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची आणि कन्नडमधले ओत्तक्षर, म्हणजे अक्षराच्या पायाशी बसणारं दुसरं अक्षर, शेजारी येऊन उभं राहायचं.

मी ती सीडी घातली. मग एक युनिकोडमधलं कन्नड पान शोधलं. विकिपीडियाच्या मराठी आणि कन्नड आवृत्त्या २००३ मध्येच सुरू झाल्या होत्या, त्यातलं एक. सासूबाईंनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, दुसरी वाचली, आणि म्हणाल्या, "छलो अद." त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्या रात्री मनात आलं, की ज्या लोकांनी आपली अक्षरं अशी नीट मांडलीत, त्यांना कुणीतरी शाबासकी द्यायला हवी. इंग्रजी साइट्सच्या चकचकीत चित्रांना बक्षीस द्यायला सारं जग बसलं होतं. आपल्या भाषेतलं पान म्हाताऱ्या माणसाला वाचता येतंय, याचं कौतुक करणारं कुणी मला दिसलं नाही.

इथे एक गंमत सांगते. शेषाद्रीवासू यांनी १९९८ साली कन्नडसाठी तयार केलेल्या 'बराहा' या सॉफ्टवेअरवर पुढे मराठीही लिहिता येऊ लागलं. मी टायपिंग मात्र इनस्क्रिप्टवर शिकले. हा कळफलक भारतीय भाषांसाठी एकाच तत्त्वावर बसवलेला आहे. ज्या कळीवर मराठी 'क', त्याच कळीवर कन्नड 'क'. ज्या कळीवर 'प', तिथेच कन्नडचाही 'प'. कन्नडमधले ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' वेगळे शिकावे लागतात, बाकी सगळं तेच. मराठी टायपिंग शिकता शिकता माझी बोटं कन्नड लिहायला लागली, डोळे मात्र मागून आले. सासूबाई सांगत आणि मी टाइप करत असे. दोन भाषा एका घरात नांदतात त्या अशा.

आमची गुणपत्रिका

बक्षीस वर्षातून दोनदा द्यायचं ठरवलं. दसरा, आणि गुढीपाडवा म्हणजेच युगादी. हे दोन्ही सण दोन्ही भाषांचे, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही. प्रत्येक वेळी एक मराठी साइट, एक कन्नड साइट. पहिलं बक्षीस २००३ च्या दसऱ्याला जाहीर झालं. नातेवाईक, ओळखीचे, कॉलेजची मुलं, एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि ईमेल यायला लागल्या. पहिल्या खेपेला ९ साइट्स आल्या, नंतर एकदा ४० च्या वर गेल्या.

गुण शंभरपैकी. वाचता येणं ३०, मजकूर २५, मांडणी आणि रंग २०, हवं ते सापडणं १५ आणि पान उघडायला लागणारा वेळ १०. या शेवटच्या दहा गुणांवरून ह्यांनी माझी चेष्टा केली होती. पण टेलिफोनच्या तारेवर ३०० किलोबाइटचं एक चित्र उघडायला जवळजवळ मिनिट जायचं. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. आमच्याकडे गावाकडून कुणाचा फोन यायचा असला की परीक्षण बंद. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, नंतर ते आमच्या घरी आलं, तेव्हा कुठे ही कटकट मिटली.

आता स्पेनमध्ये सुरू झालेल्या 'ऑवर्ड्स' या नामांकित पुरस्काराची गुणपद्धत पाहिली की मला माझी गुणपत्रिका आठवते. तिथे डिझाइनला ४० टक्के, वापरण्यातल्या सोयीला ३०, कल्पकतेला २० आणि मजकुराला १०. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. आमच्या घरी मजकुराला दहा टक्के दिले असते तर सासूबाईंनी मला जेवायला वाढलं नसतं.

कारण खऱ्या परीक्षक त्याच होत्या. त्यांना माउस धरता यायचा नाही. मी साइट उघडून बाजूला बसायची आणि काही बोलायचं नाही, हा नियम. त्या वाचायच्या. कुठे थांबतात, कुठे डोळे बारीक करतात, कुठे 'पुढचं दाखव' म्हणतात, ते मी वहीत टिपून ठेवायची. पिवळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्या मान फिरवायच्या. सरकत्या ओळी दिसल्या की म्हणायच्या, "हे पळतंय कुठे?" मराठी साइटसाठी त्यांच्याऐवजी शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांची शुद्धलेखनाची तलवार इतकी धारदार होती की 'दऱ्या' हा शब्द 'दर्‍या' ऐवजी 'दर्या' दिसला की दोन गुण गेलेच म्हणून समजा.

सासूबाईंची एक सवय होती. कुठलीही साइट उघडली की पहिला प्रश्न, "यारदु इदु?" हे कुणाचं? मी म्हणायची, कुणाचं का असेना, तुम्ही दिसतंय कसं ते सांगा. परीक्षण निःपक्षपाती हवं, नाव कळलं की मन कलतं, असं मी त्यांना समजावून सांगत असे. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता, हे मला तीन वर्षांनी समजलं.

बक्षीस म्हणजे ती छोटी पट्टी आणि पोस्टाने एक प्रशस्तिपत्र. प्रशस्तिपत्र माझ्या हाताने रंगवलेलं, वर गुढीचं किंवा आपट्याच्या पानाचं चित्र, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड मजकूर. पाच रुपयांचं पाकीट. निपाणी, हुबळी, सोलापूर, बंगळूर, एकदा तर थेट दुबई. दुबईचं टपाल घरखर्चातून गेलं, ते ह्यांना अजून माहीत नाही. आता हा लेख वाचून कळेल.

पाडवा, २००६

२००६ च्या पाडव्याला मराठीचं बक्षीस आमच्याच वसाहतीतल्या एका मुलाला मिळालं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. भीमबेटकाच्या गुहांवर त्याने मराठीत साइट केली होती. भोपाळपासून तासा-दीड तासावर असलेल्या या गुहांना २००३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथली आदिमानवाची चित्रं, त्यांचे गेरूचे रंग, मुलाने स्वतः काढलेले फोटो, सगळं सुरेख. मांडणी तर इतकी नेटकी की शेजारच्या बाईंनीही पैकीच्या पैकी गुण दिले. सासूबाईंनी मराठी साइट असूनही पाहिली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "यारदु इदु?" मी हसले. त्या मुलाची आई माझी मैत्रीण. हळदीकुंकवाला, भिशीला, भाजीला आम्ही बरोबर. तिने सगळ्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले.

मे महिन्यात हुबळीहून एका मुलीची ईमेल आली. हंपीवर तिने कन्नडमध्ये साइट केली होती आणि ती आमच्याकडे पाठवायच्या विचारात असताना तिने विजेती साइट उघडून पाहिली. तिने लिहिलं होतं, की ही मांडणी माझी आहे. मला बक्षीस नको, पण हे माझं आहे एवढं कुठेतरी म्हटलं जावं.

मी आधी चिडले, त्या मुलीवरच. मग दोन्ही साइट्स शेजारी शेजारी उघडल्या. रंग बदललेले होते, चित्रं वेगळी होती. रकाने तेच होते. तरी मनात शंका, की योगायोगही असू शकतो. शेवटी पानामागचा कोड उघडला. वेबसाइटच्या कोडमध्ये करणारा माणूस स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवतो, ती वाचणाऱ्याला दिसत नाहीत. भीमबेटकाच्या त्या मराठी साइटच्या कोडमध्ये, इंग्रजी अक्षरांत, एक टिपण तसंच राहिलं होतं : 'इल्लि चित्र हाकबेकु.' इथे चित्र घालायचं आहे. त्या मुलाला कानडीचा गंधही नव्हता.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

ह्यांचं म्हणणं, गाजावाजा न करता मिटवून टाक; त्या मुलीला पुढच्या वेळी बक्षीस देऊन टाक. एका परीने ते सोपं होतं. पण माझ्या पोटात दुसरीच भीती होती. आपण सीमाभागातली माणसं. साधी दुकानाची पाटी असली तरी आपल्याकडे तिचा मराठी-कानडी वाद होतो. आता मराठी मुलाचं बक्षीस कानडी मुलीच्या सांगण्यावरून काढून घेतलं, तेही कानडी घरात दिलेल्या सुनेने, असं कुणी म्हणालं तर? आणि काढून घेतलं नाही, तर मराठी म्हणून पाठीशी घातलं, असं कुणी म्हणणार नाही कशावरून? दोन रात्री झोप नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यारद अद, अवरिगे कोडु." ज्याचं आहे त्याला दे. यात मराठी-कानडी कुठून आलं, असा त्यांचा सूर होता.

मी मैत्रिणीच्या घरी गेले. मुलगा आधी गप्प बसला, मग म्हणाला, "काकू, सगळे असंच शिकतात. कोड उघडूनच शिकतात." त्यात खोटं काही नव्हतं. मीही तशीच शिकले होते. दुसऱ्याचा कोड वाचणं, त्यातली युक्ती समजून घेणं, हे या विद्येत रूढच आहे. पण शिकणं वेगळं आणि उचलून आपलं नाव लावणं वेगळं, हे त्याला समजावताना माझाच आवाज कापत होता. मैत्रीण एवढंच म्हणाली, "एका कागदाच्या बक्षिसासाठी माझ्या पोराला चोर ठरवलंस."

बक्षीस मी काढून घेतलं. पानावर मुलाचं नाव न घेता लिहिलं, की परीक्षणात माझ्याकडून चूक झाली, मांडणी मूळ कुणाची हे मी तपासलं नाही, म्हणून या खेपेचं मराठी बक्षीस रद्द. हुबळीच्या मुलीला तशी ईमेल केली. तिने 'धन्यवाद मॅडम' एवढंच लिहिलं. त्या दसऱ्याला तिची साइट आली, गुणांवर दुसरी आली, आणि दुसरीला बक्षीस नव्हतं. मी ते दिलं नाही. देण्याचा मोह झाला होता, हे कबूल करते.

त्यानंतर नियमावलीत पहिला प्रश्न आला, तो सासूबाईंचा : हे कुणाचं? मजकूर कुणी लिहिला, फोटो कुणी काढले, मांडणी कुणाची, कुणाकडून काय घेतलं. घेतलं असेल तरी चालेल, पण सांगा. आणि ओळखीच्या माणसाची साइट आली तर परीक्षण मी करायचं नाही, शेजारच्या बाईंनी आणि इंद्रपुरीतल्या माझ्या क्लासच्या सरांनी करायचं.

मैत्रिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. एकाच बाजारात भाजी घ्यायची, एकाच गणपतीला आरतीला उभं राहायचं आणि नजर चुकवायची, हे वसाहतीत किती अवघड असतं ते वसाहतीत राहिलेल्यांनाच कळेल. मुलाने मात्र दोन महिन्यांत साइटची मांडणी बदलली. नवी मांडणी आधीच्याइतकी नेटकी नव्हती, पण त्याची होती. ती त्याने मला दाखवली नाही. मी गुपचूप पाहिली.

२००८ च्या डिसेंबरात सासूबाई गेल्या. दुपारी दार वाजलं. मैत्रीण पिठलं-भाताचं पातेलं घेऊन उभी होती. आम्ही दोघी काही बोललो नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन पानं मांडली, मुलांना जेवायला बसवलं. त्या विषयावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.

थांबलं ते असं

सासूबाईंनंतर पाडवा आणि दसरा, अशी दोन बक्षिसं मी दिली. पण शेजारची खुर्ची रिकामी. कन्नड पान उघडलं की अक्षरं लागायची, पण ती वाचताना कुठे अडखळायला होतं ते सांगणारं माणूस नव्हतं. त्यातच याहूने जिओसिटीज बंद करायचं जाहीर केलं आणि २००९ च्या ऑक्टोबरात ते बंद झालंही. आमच्या बक्षिसाचं पान तिथेच होतं, बऱ्याच विजेत्या साइट्सही तिथेच. नवीन जागा घेऊन पुन्हा मांडता आलं असतं. मी मांडलं नाही.

तेरा खेपा, २३ बक्षिसं. दोन वेळा योग्य कन्नड साइट मिळाली नाही, एक मराठी रद्द झालं. त्या २३ पैकी आज मला फक्त ४ साइट्स सापडतात. काही जिओसिटीजबरोबर गेल्या, काहींच्या मालकांनी भाडं भरायचं सोडलं. फ्लॅशवर केलेल्या दोन होत्या. २०२० च्या अखेरीस अडोबीने फ्लॅशच बंद केलं, त्यामुळे कुणी जपल्या असतील तरी साध्या ब्राउझरमध्ये त्या उघडत नाहीत. दगडावरची भीमबेटकाची चित्रं हजारो वर्षं टिकली आणि त्यांच्यावरची साइट पाच वर्षं टिकली नाही, याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. अमेरिकेतलं 'इंटरनेट अर्काइव्ह' १९९६ पासून जुनी पानं साठवून ठेवतं. तिथे काही सापडली, चित्रं गळालेली, पण अक्षरं शाबूत.

कुणाला करावंसं वाटलं तर

अशा छंदाला पैसा फार लागत नाही, वेळ आणि धीर लागतो. माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. नियम आधी लिहा, बक्षीस मागून द्या. साइट्स आल्यावर केलेला नियम कुणाच्या तरी बाजूने झुकतोच. गुण कशाला किती ते उघड सांगा. हरलेल्यांना दोन ओळी लिहा. मी प्रत्येकाला एक चांगली गोष्ट आणि एक सुधारण्यासारखी गोष्ट लिहायची, आणि पुष्कळांनी बक्षिसापेक्षा त्या ओळी जपून ठेवल्या. परीक्षकांत एक तरी असा असू द्या ज्याला संगणकातलं काही कळत नाही. आणि स्वतःची चूक झाली तर ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा.

शेवटचं म्हणजे, सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. मी एका सीडीवर ठेवल्या होत्या. ह्यांच्या निवृत्तीनंतर पिपलानीचा क्वार्टर सोडताना ती सीडी सापडली. शेजारी परीक्षणाची वही. तिच्यात पानोपानी सासूबाईंचे शेरे माझ्या अक्षरात : 'छलो अद', 'कंटाळा', 'रंग भडक', 'फोटो कुणाचा?'

आता फोनवर मराठी असो की कन्नड, चौकोन दिसत नाहीत. यंत्राला चार वाक्यं सांगितली की ते मिनिटात साइट मांडून देतं. परवा माझ्या मुलीने तशी एक करून दाखवली, तिच्या दुकानासाठी. रंग छान, अक्षरं स्वच्छ, पान क्षणात उघडलं. शंभरपैकी नव्वद तर सहज. मी चष्मा पुसला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "यारदु इदु?"

मुलगी हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "अज्जी असती तर हेच विचारलं असतं." आणि मग बसून तिने मला सांगितलं, त्यातलं कुठलं तिचं आणि कुठलं नाही.